आईच्या भाषेत माझं नाव

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरी आले आणि म्हणाले, "ताई, कामाचे अनुभव लिहा. तुम्ही म्हणजे मुक्यांचा आवाज." मी म्हटलं, पहिले तर हे वाक्य खोडा. ज्यांचे हात दिवसभर बोलून राहिले त्यांना मुकं म्हणणाऱ्या माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही. त्यांना मिळाला, कारण कप आधीच त्यांच्या हातात होता. आणि आवाज म्हणाल तर तो माझाच होता. खरी गडबड तिथेच झाली. ती सांगायची म्हणून लिहायला बसले आहे.

माझं काम खुणांच्या भाषेतल्या दुभाषीचं. कर्णबधिर माणूस आणि ऐकणारा माणूस समोरासमोर आले की मध्ये मी. हात पाहायचे आणि तोंडाने बोलायचं, तोंडचं ऐकायचं आणि हातांनी सांगायचं. दवाखाना, कोर्ट, लग्नाची नोंदणी, शाळेतली पालकसभा, एकदा तर सासू-सुनेचं भांडण. सून कर्णबधिर होती. तिच्या सगळ्या शिव्या माझ्या तोंडून गेल्या, आणि ती सासू अजून मला रस्त्यात पाहिलं की तोंड फिरवते. सुनेशी तिचं केव्हाच जमलं.

तिनं तोंड फिरवण्यात तिची चूक नाही. आमच्या कामाची रीतच तशी आहे. इंदूरला प्रशिक्षण घेतलं तेव्हा बाईंनी चार नियम सांगितले होते. पहिला, नेहमी 'मी' म्हणून बोलायचं. समोरच्याच्या हातांनी 'माझं पोट दुखतं' म्हटलं तर आपणही 'माझं पोट दुखतं' म्हणायचं, 'यांचं पोट दुखतं' म्हणायचं नाही. दुसरा, आपल्याला स्वतःला काही सांगायचं असलं, पाणी हवं असलं किंवा नीट दिसलं नसलं, तर 'दुभाषीला पाणी हवं आहे' म्हणायचं. कामावर असेपर्यंत 'मी' हा शब्द तुमचा नाही, असं बाई म्हणायच्या. तिसरा, पदरचं काही घालायचं नाही. चौथा, घरच्या माणसांसाठी हे काम करायचं नाही. पहिले तीन मी शेवटपर्यंत पाळले, असं परवापर्यंत मी छातीठोकपणे सांगत होते.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळत नाही, म्हणून दाताच्या डॉक्टरांची गोष्ट सांगते. एका पेशंटबरोबर गेले. त्याच्या हातांकडे पाहत म्हटलं, "मेरी दाढ़ में बहुत दर्द है." डॉक्टर मलाच म्हणाले, "बैठिए, मुँह खोलिए." मी पेशंटकडे बोट दाखवलं तर वैतागले. "दर्द आपको है ना?" आता बघा, दुसऱ्या माणसाबद्दल बोलताना आपली गफलत होऊ शकते, याला तो समजलो, हिला ती समजलो. पण कोणी 'माझा दात दुखतो' म्हटलं तर 'नक्की तुझाच का?' असं जगात कोणी विचारत नाही. विचारलं तर त्याला वेड्यात काढतील. माझ्या कामात मात्र लोक हा प्रश्न विचारायचे आणि तो बरोबर असायचा. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

तसं हे काम मला प्रशिक्षणाच्या कितीतरी आधीपासून येत होतं. माझी आई जन्मापासून ऐकू न येणारी. बाबा ऐकणारे, पण नोकरीने कायम बाहेरगावी. ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे जुन्या मराठी वस्तीत, आमच्या दोन खोल्या. मी चार-पाच वर्षांची असल्यापासून आई मला बोट धरून सगळीकडे न्यायची. तिचे हात हलायचे आणि मी दुकानदाराला सांगायचे. पंडरीच्या कापड बाजारात एकदा मी काउंटरला लोंबकळून म्हटलं, "मले नऊवारी दाखवा, जांभळी, मागच्या टायमाला रंग गेला तसली नको." दुकानभर हशा पिकला. एक बाई म्हणाली, "अगं पोट्टे, तुले कशाला पायजे नऊवारी?" मला काही कळेना. मी माझ्याबद्दल बोलले असं त्यांना का वाटावं? घरी आल्यावर आईला विचारलं, तर ती पोट धरून हसली आणि मग तिने मला जवळ ओढलं.

आमच्या भाषेत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं. कोणाचं गालावरच्या तिळावरून, कोणाचं चालण्यावरून. कर्णबधिरांच्या शाळेतली पोरं पुढे मला 'चष्मा' म्हणायची. पण आईने ठेवलेलं नाव वेगळं होतं. दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवायची आणि दोनदा टेकवायची. म्हणजे तोंड. मी तिचं तोंड होते. या नावाने आईखेरीज मला कोणीही कधी हाक मारली नाही, आणि त्या नावाला आवाजही नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हातांनी बोलणारी माणसं झोपेतही हातांनी बोलतात. दुपारी आई निजली की मी बाजूला बसून तिचे हात पाहायचे. पोटावर ठेवलेला हात मधेच उचलला जायचा, काही सांगायचा आणि परत पडायचा. एकदा ते मी मोठ्याने बोलून दाखवलं, घरात कोणी नसताना, आपली गंमत म्हणून. "पाणी वर चढलं. मले सोडून जाऊ नका." आपलाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. आई उठल्यावर मी तिला सांगितलं की तू झोपेत असं असं बोललीस. तिचा चेहरा एकदम बदलला. "ते मी बोलले नाही," तिने सांगितलं. "झोपेत हात बोलतात, मी नाही. ते तोंडाने बोलायचं नाही." एवढी कडक ती कधी झाली नव्हती. त्यानंतर मी तिच्या झोपेतल्या हातांकडे पाहायचं सोडलं, म्हणजे पाहायचे पण बोलायचे नाही.

आता गणेशची गोष्ट.

गणेश ब्राह्मणपाऱ्यातला शिंपी, कर्णबधिर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ब्लाउज असे शिवायचा की नवीन राजधानीतल्या साहेबांच्या बायका गाडी लांब उभी करून चालत त्याच्या गल्लीत यायच्या. अस्तराचं कापड त्याला पंडरीतल्या एका सेठकडून यायचं आणि फोन मी करायचे. आठवड्यातून एकदा तो संध्याकाळी माझ्याकडे येऊन समोर बसायचा, मी नंबर लावायचे आणि म्हणायचे, "सेठजी, मैं गणेश बोल रहा हूँ." बाईचा आवाज आणि 'बोल रहा हूँ'. सुरुवातीला सेठ खूप हसला. मग सवय झाली. "हाँ गणेश भैया, बोलो. तबियत कैसी है?" गणेश वर्षातून एक-दोनदा स्वतः दुकानात जायचा तेव्हा दोघं नुसते हसून हात मिळवायचे. बोलणं सगळं फोनवर, माझ्या तोंडाने. असं नऊ-दहा वर्षं चाललं.

त्या फोनांमध्येच मला आणखी एक कसब आलं, ज्याचा मला फार गर्व होता. समोरच्याचा हात उठायच्या आधी त्याचं वाक्य मला कळायचं. खांदा जरासा हलला, भुवई चढली की माझं बोलणं सुरू. नवीन मुली शिकायला यायच्या त्या थक्क व्हायच्या. "दीदी, आपको पहले से कैसे पता चलता है?" मी नाक वर करून म्हणायचे, अनुभव. एकदा गणेशने हात टेबलावर ठेवले आणि फोन संपेपर्यंत हलवलेच नाहीत. मी तरी सगळा फोन करून मोकळी झाले. मग त्याने सांगितलं, "मी अजून हात उचलला नाही अन् तू बोलून पण टाकलं."

"बरोबर बोलले की नाही?"

"बरोबर. एकदम बरोबर," तो म्हणाला. हसत होता, पण डोळ्यांत काहीतरी वेगळं होतं. "पण मी कुठे बोललो?"

मी हसण्यावारी नेलं. मला ती शाबासकीच वाटली. किती मूर्ख असतो आपण आपल्या हुशारीच्या बाबतीत.

पुढे गणेशला पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांकडे मीच बरोबर. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर माझ्या डोळ्यांत पाहत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "देखिए, आपको हिम्मत रखनी पड़ेगी." मी ते हातांनी गणेशला सांगितलं. त्याने विचारलं, मी बोलले, "मेरे पास कितना टाइम है?" आणि डॉक्टरांनी हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. माझ्या! गणेश दोन हात अंतरावर बसून ते पाहत होता. त्याने मला विचारलं, "आजारी कोण आहे, तू का मी?" हेही मी बोलून दाखवलं, नियमच तसा. डॉक्टरांनी चपापून हात काढून घेतला. घरी आल्यावर मी मात्र आरशासमोर उभी राहून स्वतःचं पोट दाबून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफी करून आले. काही निघालं नाही. कोणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहून राहिले.

गणेश गेला. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी पुतणीच्या लग्नासाठी मी पंडरीत कापड घ्यायला गेले. मुद्दाम त्या सेठचंच दुकान शोधलं. आजवर त्याला पाहिलं नव्हतं आणि त्याने मला पाहिलं नव्हतं. दुकानात भर दुपारची गर्दी. तो पाठमोरा, गजाने कापड मोजत होता. मी म्हटलं, "सेठजी, अस्तर दिखाइए, क्रीम कलर का."

गज हवेतच थांबला. तो वळला, पण माझ्याकडे पाहीना. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहत होता. कोणीतरी आत येतंय असं पाहत होता. मीसुद्धा मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"कौन?" तो म्हणाला.

"मैं," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. इतकी वर्षं या आवाजात, या माणसाला, 'मैं' च्या पुढे एकच नाव गेलेलं होतं.

त्याला कळलं. गणेश गेल्याचं तर बाजारातून त्याच्या कानावर आलेलंच असणार. स्टुलावर बसला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. वयस्कर माणूस, कपाळावर टिळा, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "दीदी, एक बार वैसे ही बोल दो. जैसे फ़ोन पे बोलते थे."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्याचा चेहरा पाहून म्हटलं, "सेठजी, मैं गणेश बोल रहा हूँ."

त्याने डोळे मिटले. "बोलो भैया. तबियत कैसी है?"

"ठीक हूँ सेठजी," माझं तोंड म्हणालं. "अब दर्द नहीं है."

समोर हात नव्हते. खांदा नव्हता, भुवई नव्हती. आजवर मी निदान कोणाच्या तरी आधी बोलले होते, पण त्या दुपारी जे बोलले ते कोणाच्याही मागे नव्हतं आणि पुढेही नव्हतं. सेठने डोळे पुसले, अस्तर बांधून दिलं आणि हात जोडले. त्याला बरं वाटलं असावं. मी रिक्षात बसले. ते वाक्य मी विचार करून बोलले असते तर काही नव्हतं, कोणीही एखाद्या दुःखी माणसाला धीर देतो. पण मी विचार केलाच नव्हता. घरी येऊन चूळ भरली. एकदा भरली, दोनदा भरली. मग स्वतःलाच म्हटलं, काय वेडेपणा लावलाय.

त्याच्या पुढच्या वर्षी आई आजारी पडली.

तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. न्यूमोनिया झाला, मोठ्या खाजगी दवाखान्यात ठेवलं. अकरा दिवस मी तिच्या पलंगाजवळ. तिच्या डाव्या हाताला सलाईन, सुई हलू नये म्हणून हात एका फळीला पट्टीने बांधलेला. म्हणजे बोलायला एकच हात, उजवा, आणि तोही थकलेला. हातांनी बोलणाऱ्या माणसाचा एक हात बांधणं म्हणजे काय असतं, ते नर्सला सांगून उपयोग नव्हता. तिने तिचं काम केलं.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तरुण मुलगा, फार चांगला. म्हणाला, श्वास कमी पडतोय, मशीन लावावं लागेल, घशात नळी जाईल. या वयात त्यातून बाहेर येतील की नाही ते सांगता येत नाही. पण पेशंट शुद्धीवर आहे, तर त्यांना विचारायला पाहिजे. "आप पूछिए ना उनसे." चौथा नियम मला आठवला. मी त्याला म्हटलं पण, की दुसरं कोणी बोलवा, मी मुलगी आहे. त्या दिवशी रायपुरात दुसरी एकच होती आणि ती कोर्टात अडकलेली. संध्याकाळपर्यंत थांबायला डॉक्टर तयार नव्हता. तेव्हा मीच विचारलं. हातांनी सगळं समजावून सांगितलं, मशीन, नळी, घर. आई माझ्याकडे पाहत होती.

आणि मी बोलले, "मुझे मशीन नहीं चाहिए. बहुत हो गया. मुझे घर ले चलो."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मग अगदी अदबीने विचारलं, "ये आप बोल रही हैं या माताजी?"

मी ताठ झाले. तीस वर्षांच्या कामाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, "दुभाषी अपनी तरफ़ से कुछ नहीं बोलती."

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. दुपारी आईला ब्राह्मणपाऱ्यात आणलं, खिडकीजवळच्या तिच्या पलंगावर निजवलं. घरी आल्यापासून तिने डोळे फारसे उघडले नाहीत आणि हात एकदाही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भेटायला आलेला जो तो म्हणाला, नशीबवान आहेस, आईची शेवटची इच्छा तुला ऐकता आली, दुसऱ्या कोणाला तर कळलीही नसती. मी सगळ्यांना सांगितलं, हो, तीच म्हणाली, घरी न्या.

पण तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि ती सकाळ मला पुन्हा पुन्हा दिसायला लागली. डॉक्टरचं निळं पेन दिसायचं. फळीला बांधलेला डावा हात दिसायचा. माझं वाक्य शब्द न शब्द ऐकू यायचं. आईचा उजवा हात चादरीवर खाली येताना दिसायचा, म्हणजे तो उठला होता, ती काहीतरी बोलली होती. पण काय बोलली, ते काही केल्या दिसेना. आणि तो हात खाली आला तेव्हा माझं वाक्य कधीच बोलून झालं होतं, हेही मला आठवायला लागलं. मी तिच्याकडे पाहत नव्हते, डॉक्टरकडे पाहत होते. गणेशसारखंच तिचंही मला आधीच कळलं होतं. नाही का? अकरा दिवस मी त्या लोखंडी स्टुलावर होते. थकली कोण होती? घरी कोणाला जायचं होतं? दुसऱ्या कोणाला विचारावं तर त्या खोलीत खुणा कळणारं तिसरं माणूस नव्हतं. जगात फक्त मलाच माहीत असायला हवं होतं की ते कोण बोललं, आणि मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी काम सोडलं. गुडघ्यांचं निमित्त केलं.

माझी मुलगी मृणाल माझ्यासोबत राहते, नवा रायपूरला एका ऑफिसात आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. माझ्या आईकडून तिने खुणांमधलं 'चहा' आणि 'अभ्यास' एवढंच शिकून घेतलं. एक दिवस ती म्हणाली, "आई, तू आजकल 'मी' बोलती ही नहीं." मी म्हटलं, काहीतरीच. ती म्हणाली, "सच में. चहा हवा आहे, डोकं दुखून राहिलं. किसका? कभी नहीं बोलती." पुढे दोन दिवस मी स्वतःवर लक्ष ठेवलं. पोरगी खरं बोलत होती.

आणि मग परवाचा रविवार. जेवून मी आडवी झाले होते. उठले तर मृणाल खुर्चीवर बसलेली, हातात मोबाइल, चेहरा उतरलेला.

"आई, तुझे दिखाऊँ कि नहीं, समझ नहीं आ रहा."

"काय झालं?"

"तू नींद में हाथ चलाती है. तीन-चार संडे से देख रही हूँ. आज रिकॉर्ड किया."

मी हसले. म्हटलं, त्यात काय, आयुष्य गेलं हात हलवण्यात, दाखव. चष्मा शोधत होते तोवर तिने व्हिडिओ सुरू करून समोर धरला. चष्म्याशिवाय मला चेहरा नीट दिसला नाही. पलंगावर एक म्हातारी बाई निजलेली, पांढरे केस, अंगावर चादर. डावा हात सरळ बाजूला ठेवलेला, तळवा वर, अगदी निश्चल, फळीला बांधल्यासारखा. उजवा हात पोटावर होता. तो उठला. आणि हात उठला की तोंड उघडायचं ही इतक्या वर्षांची सवय. ही बाई कोण, हा प्रश्न मनात यायच्या आत मी बोलायला लागले होते.

दोन बोटं ओठांवर गेली. दोनदा टेकली.

"तोंड," मी मोठ्याने म्हटलं.

मग तळवा समोर उभा राहिला. "थांब," मी म्हटलं. "थांब ना. एवढ्यात नको. मले राहायचं आहे अजून थोडं." पुन्हा दोन बोटं ओठांवर. "तोंड. इकडे पाहा." मग हात चादरीवर खाली आला, हळूहळू, तसाच, जसा मी त्याला आठवणीत रोज पाहत होते. व्हिडिओ थांबला.

चष्मा माझ्या मांडीवरच होता. तो घातला तेव्हा मोबाइलच्या काचेवर मला मी दिसले, निजलेली, हात चादरीवर.

मृणालला काही कळलं नव्हतं, पण ती माझ्याकडे फार विचित्र पाहत होती. लहानपणापासून तिने आजीचं बोलणं माझ्याच तोंडून ऐकलेलं, ते तिला ओळखीचं वाटलं असावं. तिने विचारलं, "आई, ये तू बोल रही थी या आजी?"

तोच प्रश्न. त्याचं उत्तर मला पाठ होतं, तोंडात तयारही झालं होतं. पण स्वतःला कोणी हाक मारत नाही. त्या नावाने तर नाहीच, ते नाव एकाच माणसाच्या हातात होतं. मी डॉक्टरकडे पाहत असताना माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात आईच्या हातून ते उठलं असेल, आणि कुठेतरी जाऊन बसलं असेल, आणि आता रविवारी दुपारी माझाच हात उसना घेऊन बाहेर येऊन राहिलं होतं. किंवा तसं काही नसेल. झोपेत हात बोलतात, माणूस बोलत नाही, असं आईच सांगून गेली आहे. माझ्या मनातली भीती माझ्याच हाताने बोलली असेल. याचा निकाल माझ्याने होत नाही. पण त्या सकाळचं एक वाक्य कोणाचं होतं ते मला आता कळलं होतं, आणि ते लपवायला कुठलाही नियम उरला नव्हता.

"मृणाल," मी म्हटलं, "त्या दिवशी दवाखान्यात, मशीन नको, घरी न्या, ते आजी नव्हती बोलली. तिला काय म्हणायचं आहे ते मी पाहिलंच नाही. ते मी बोलले. मी थकले होते. मले घरी जायचं होतं."

बोलता बोलता माझं एक बोट माझ्या छातीवर टेकलेलं होतं. आमच्या भाषेत 'मी' असंच म्हणतात. ते तिथे कधी गेलं ते मला कळलं नाही, आणि मग मी रडले. मोठ्याने रडले. माझ्या आईने माझं रडणं कधी ऐकलं नव्हतं, ती नेहमी डोळ्यांनी पाहायची.

मृणाल बराच वेळ माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग मोबाइल उचलून हळूच म्हणाली, "ये डिलीट कर दूँ?"

मी म्हटलं, "हव." ती बटण दाबणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"नको. पुन्हा एकदा लाव. आई मले आता फक्त तिथेच हाक मारते."